दोन दगूबाई

मोहरदे, ता. नंदुरबार
५ जुलै १९३६

उदेसिंग गिरासे यांना पितांबर पाटलाचा नमस्कार.

तुम्ही नवापूरला लाकडाच्या वखारीत आहात, ओंडक्यांवर खुणा घालण्याचं काम करता, असं साग घेऊन आलेल्या एका गाडीवानाकडून कळलं. पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र बाजूला टाकावंसं वाटेल. निदान दवाखान्याच्या कामापुरतं वाचा.

तुम्ही इथे कंपाउंडर होता तेव्हा मंगळवारच्या बाजाराला ऐंशी-नव्वद आजारी यायचे. आता दीडशे येतात. हिवतापाने या वर्षी घरंच्या घरं आडवी केली आहेत. पडवी भरते, पायऱ्या भरतात, उरलेली माणसं निंबाखाली बसतात. डोंगरातले लोक कोंबडा आरवायच्या आधी पाडा सोडतात आणि माझ्यासमोर येतात दुपार कलल्यावर, कारण ते ओरडत नाहीत. ओळखीचे लोक मागच्या दाराने आत येतात. झिपरू शिपाई दार अडवतो, पण गावच्या पाटलाच्या भावाला आणि जिनवाल्या रूपचंदशेटना अडवायची त्याची काय बिशाद! तुम्हाला हे सगळं माहीत आहेच.

गेल्या महिन्यात तपासणीचे साहेब आले. कोण आहेत ते न सांगता तासभर पडवीत माणसांत बसले. जाताना शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं, ‘येथे रोगी डॉक्टरपर्यंत पोचतो तो आजाराच्या क्रमाने नव्हे, आवाजाच्या क्रमाने.’ हे वाचून मला फार लागलं. आणि लागलं म्हणूनच तुमचा तो कागद शोधला.

सन तीसच्या उन्हाळ्यात तुम्ही पेन्सिलीने लिहून दिला होता तो. तेव्हा मी म्हणालो होतो, “उदेसिंग, हे काय रेल्वे स्टेशन आहे तिकिटं वाटायला?” तुम्हीही हसला होता. कागद औषधांच्या कपाटात, खलाखाली सापडला. तुम्ही लिहिलं होतं, येणाऱ्याला पत्र्याचा नंबराचा बिल्ला द्यावा आणि त्याच नंबराचा जोडबिल्ला त्याच्या बाटलीला बांधावा. ज्याचा श्वास, रक्त किंवा शुद्ध बिघडलेली आहे त्याला नंबर न पाहता आत घ्यावं. लांबून आलेल्याला आधी मोकळं करावं. चोळायच्या औषधाच्या बाटलीला वेगळी खूण असावी. औषध देण्याच्या खिडकीवरचा माणूस काम संपेपर्यंत खिडकी सोडून कुठेही जाऊ नये.

हे सगळं मी आता सुरू करणार आहे. लोहाराला बिल्ले सांगितले आहेत. अडचण एकच. चोळायच्या औषधाला कोणती खूण ते लिहिलेला कोपरा कसरीने खाल्ला आहे. तेवढं कळवाल का?

त्या श्रावणातल्या प्रकाराबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण न लिहिणंही बरं दिसत नाही. माणसाच्या हातून चूक होते. तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, कधीच नव्हता. हे तुम्हाला कळावं अशी फार दिवसांची इच्छा होती.

उत्तराची वाट पाहतो.

पितांबर हिरजी पाटील


मोहरदे
१९ ऑगस्ट १९३६

उदेसिंग यांस,

तुमचं उत्तर आलं नाही. तरी लिहितो. काल बिल्ल्यांचा सहावा मंगळवार झाला आणि घडलं ते तुमच्याखेरीज कुणाला सांगावं असं माणूस इथे नाही.

पहिल्या मंगळवारी फजिती झाली. लोकांना वाटलं, बिल्ला म्हणजेच औषध. तिघांनी गळ्यात बांधून घर गाठलं. एक म्हातारी खालचा नंबर हातात आला म्हणून रडायला लागली. तिला वाटलं, ज्याचा नंबर मोठा त्याचं औषध भारी. झिपरू तर दुपारपर्यंत घामाघूम झाला. म्हणाला, “साहेब, हाई काम मन्हाकडथीन व्हनार नही.” त्याला अंक वाचता येत होते, पण कोण जास्त आजारी हे ठरवायची त्याला भीती वाटायची. मी त्याला समोर बसवून चार गोष्टी शिकवल्या. ओठ निळे का बघ, नखं पांढरी का बघ, हाक मारल्यावर डोळे उघडतो का बघ, लुगडं रक्ताने भिजलंय का ते बाईमाणसाकडून विचारून घे. त्यासाठी सुईण रेवाबाईला मंगळवारी पडवीत बसायला सांगितलं.

चौथ्या मंगळवारी रूपचंदशेट आले. झिपरूने त्यांच्यापुढे बिल्ला धरला. एकूणसाठ नंबर.

“माले वयखत नही का तू?” शेट म्हणाले.

“वयखस ना शेट. म्हनीसन तं बिल्ला सवच्छ पुशीसन दिधा.”

शेट मागच्या दाराकडे वळले. ते मी आतून खिळे ठोकून बंद करून घेतलं होतं. मी बाहेर जाऊन त्यांना नमस्कार केला आणि म्हणालो, “आपल्याला थांबणं शक्य नसेल तर संध्याकाळी मी आपल्या घरी येतो. इथे मात्र नंबरानेच.” शेट तसेच वळले. टांग्यात बसून गेले. बोर्डाकडे तक्रार जाणार हे मला कळलंच.

आणि काल. रेवाबाई धावत आत आली, “डॉक्टर, हाऊ नंबर बाजूले ठेव. पायरीवर एक बाई बठेल शे, तिनं लुगडं पाह्य.” सातपुड्यातल्या पाड्यावरची छबूबाई. तिसरा महिना, दोन दिवसांपासून रक्त. ती एका कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून गुपचूप बसली होती, नंबर एकशे बारा. पूर्वीच्या पद्धतीने माझ्यापुढे आली असती तोवर संपली असती. रक्त थांबवलं. आज सकाळी तिने भाकरीचा तुकडा मागितला. नवऱ्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा मी त्याला म्हणालो, ज्याने हे ठरवलं तो माणूस नवापूरला असतो.

उदेसिंग, पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तुम्ही विसरला असाल असं वाटलं होतं, आणि विसरला असाल तर बरं असंही. त्या श्रावणातल्या मंगळवारी तुम्ही खिडकीवर नव्हता, काही वेळ तरी नव्हता, ते माझ्यामुळे. रूपचंदशेटच्या पाठीवरचं काळपुळीचं गळू मी कापत होतो आणि हात धरायला तुम्हाला हाक मारली. तुम्ही म्हणालात, “साहेब, बाटल्या भरेल शेत, पट्ट्या लावना बाकी शेत.” मी म्हणालो, “आधी इकडे या.” चौकशीत ही गोष्ट मी सांगायला हवी होती. चूक एकट्या तुमची नव्हती.

एवढं लिहून बरं वाटलं. खूण कळवा.

पितांबर


मोहरदे
२९ सप्टेंबर १९३६

सौ. बेबीबाई उदेसिंग गिरासे यांस नमस्कार.

तुम्ही शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र परवा मिळालं. तुमच्या यजमानांऐवजी तुम्हालाच उत्तर लिहितो आहे, कारण ते माझी पत्रं वाचत नाहीत असं तुम्ही लिहिलंत.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. ‘तुमचे पहिले पत्र त्यांनी वाचले. त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत. दुसरे आले ते न फोडता माझ्याकडे दिले. डॉक्टरसाहेब, तुम्ही चांगल्या मनाने लिहीत असाल, पण आता लिहू नये. गेल्या महिन्यात आमच्या मुलीला सात दिवस ताप होता. बाटली फळीवर होती. मी विहिरीवर गेले होते, औषधाची वेळ झाली, मुलगी मागत होती. हे तिच्याजवळ बसून राहिले, पण बाटलीला हात लावला नाही. मी आल्यावर म्हणाले, तू दे, माझ्या हाताने एक बाई गेली आहे. पाच वर्षांत त्यांनी घरात पाण्याचा पेलासुद्धा कुणाला भरून दिलेला नाही.’

आणि खाली तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही विचारलेली खूण त्यांनी सांगितली आहे. लाल दोरा, बाटलीच्या गळ्यात, तीन गाठी. ज्याला दिसत नाही त्याच्या बोटांना गाठी लागाव्यात म्हणून.’

कालपासून इथे प्रत्येक चोळायच्या औषधाला लाल दोरा आणि तीन गाठी बांधतो. मी स्वतः बांधतो.

तपासणीचे साहेब पुन्हा येऊन गेले. रूपचंदशेटची तक्रार त्यांच्याकडे होती. तिच्याचसाठी ते आले होते. दिवसभर बसले आणि वहीत लिहून गेले की डॉक्टर पाटील यांनी स्वतःच्या कल्पनेने आखलेली ही व्यवस्था तालुक्यातल्या इतर दवाखान्यांनी पाहण्यासारखी आहे. ते लिहीत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. कल्पना माझी नाही, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी त्यांच्यासाठी चहा आणायला सांगितलं.

बेबीबाई, तुम्ही लिहू नका म्हणालात. तुमचं म्हणणं योग्य आहे. तरी मला आणखी एक पत्र लिहावं लागेल. ते मला फार पूर्वी लिहायला हवं होतं. ते आलं की कृपा करून त्यांना वाचून दाखवा. मास्तरांकडून वाचून घेतलंत तरी चालेल. चार माणसांनी ऐकलं तरी चालेल.

मुलगी आता कशी आहे? ताप उलटला असेल तर हिवतापावरचं कोयनेल चालूच ठेवा.

आपला,
पितांबर पाटील


मोहरदे
११ ऑक्टोबर १९३६

उदेसिंग,

ती बाटली मी दिली.

हे पहिल्याच ओळीत लिहायचं ठरवलं होतं, कारण खाली कुठेतरी लिहीन म्हटलं असतं तर पुन्हा राहिलं असतं. आता सगळं क्रमाने लिहितो.

रूपचंदशेटचं गळू फोडून झालं. तुम्ही त्यांच्या पाठीवर पट्टी बांधत होता. खिडकीवर आरडाओरडा चालला होता, म्हणून मी हात धुऊन तिकडे गेलो. फळीवर तुम्ही भरून ठेवलेल्या सात-आठ बाटल्या होत्या, लोकांनी घरून आणलेल्या. तेलाच्या, दारूच्या, कशाकशाच्या. काहींवर डोसाच्या कागदी पट्ट्या लावलेल्या, काहींवर नाही. मी यादीवरचं नाव पुकारलं, “दगूबाई!” खिडकीतून एक हात आत आला. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण. बाटल्या यादीच्या क्रमाने मांडलेल्या असायच्या, म्हणून मी डाव्या बाजूची पहिली उचलली आणि त्या हातात दिली. त्या बाटलीवर पट्टी नव्हती. पोटात घ्यायचं औषध पट्टीशिवाय जात नाही हे मला माहीत होतं. मी पाहिलं नाही. म्हणालो, “दिवसातून तीनदा घे.” ती म्हणाली, “बरं दादा.” मग मी आणखी दोघांना बाटल्या दिल्या, आणि तुम्ही आलात तसा मी माझ्या खुर्चीवर गेलो.

त्या दिवशी दोन दगूबाई होत्या हे मला ठाऊक नव्हतं. धानोऱ्याच्या सुपडूची बायको, तापाची, बाविशीतली. आणि आपल्या गावची म्हातारी दगूबाई, गुडघ्यांची. सुपडूच्या बायकोने नेलं ते म्हातारीचं विषारी बचनागाचं चोळायचं औषध. मागे उरलेली दगूबाईची बाटली म्हणून म्हातारीच्या हाती गेलं ते कोयनेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी धानोऱ्याचा पोलीसपाटील वर्दी घेऊन आला. त्याने बाटली आणली होती. मी बूच काढून वास घेतला आणि मला कळलं. आणखी काही तासांनी म्हातारी कुरकुरत आली, “डॉक्टर, तीन दिन चोयं, गुडघा काई बरा हुयना नही, चामडी तेवढी चिकट व्हयनी.” तिच्या हातांना बांगड्या नव्हत्या, ती विधवा होती. खिडकीतून आत आलेला हात मला स्पष्ट आठवत होता. तेव्हापासून आजवर एक दिवसही तो मला आठवला नाही असं झालेलं नाही.

संध्याकाळी मी तुम्हाला बोलावलं. काय बोललो तेही लिहितो, म्हणजे तुम्हाला ताडून पाहता येईल. मी म्हणालो, “उदेसिंग, धानोऱ्याची बाई गेली. बाटल्या बदलल्या गेल्या. खिडकीवर तुम्ही होता.” तुमचा चेहरा पडला. बराच वेळ तुम्ही तुमच्या दोन्ही हातांकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “माले याद नही साहेब. नव्वद बाटल्या दिध्यात. पन दुसरं कोन देईल? मीच दिधी असेल.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, “चौकशीत असंच सांगा. लपवू नका.”

मी असं का केलं याचं कारण मला सजवून सांगायचं नाही. आमच्या वाण्या-गुजरांच्या वस्तीत मी पहिला डॉक्टर. वडिलांनी गावजेवण घातलं होतं. नोकरी जाईल, तुरुंग होईल, वडील कुणाला तोंड दाखवणार नाहीत, हे सगळं डोक्यात एकदम आलं. कंपाउंडरची चूक म्हणून निभावेल, फार तर काढून टाकतील, असंही आलं. तुमची बायको तेव्हा गरोदर होती, हे मला माहीत होतं. तेही आठवलं होतं आणि तरीही.

चौकशीत तुम्ही सांगितलंत ते सगळ्यांनी खरं मानलं, कारण तुम्ही स्वतः ते खरं मानत होता. तुम्हाला काढल्याचा हुकूम मीच वाचून दाखवला. जाताना तुम्ही माझ्या पाया पडलात. म्हणालात, “तुमना दवाखानाले मन्हामुये डाग लागना.”

पाच वर्षं तुम्ही हे मानत आला आहात. जुलैत मी ‘माणसाच्या हातून चूक होते, राग नाही’ असं लिहिलं. ते लिहिणाऱ्या माणसाची आज मला किळस येते.

तुमच्या हाताने कुणीही मेलेलं नाही, उदेसिंग. तुमचं भरणं बरोबर होतं. दोन्ही बाटल्यांत जे असायला हवं तेच होतं. पट्टी लावण्याआधी तुम्हाला मी उठवलं, आणि नावाने हाक मारून मी दिली. तुमचा कागद मी त्याच वर्षी मानला असता तर बाटलीला नंबर असता, आणि माझ्यासारख्या माणसाच्या हातूनही ती चुकीच्या हातात गेली नसती.

याच मजकुराचा जबाब सही करून आज धुळ्याला मोठ्या साहेबांकडे आणि नंदुरबारला पोलिसांकडे पाठवला. नकला सोबत आहेत. त्या तुमच्याजवळ ठेवा. दिवाळी झाली की धानोऱ्याला जाऊन सुपडूला सांगणार आहे. ती भीती अजून मोडली नाही.

क्षमा मागत नाही.

पितांबर


मोहरदे
२२ नोव्हेंबर १९३६

उदेसिंग यांस,

गेल्या गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा मी दवाखान्यात एकटा होतो, बिल्ले घासत बसलो होतो. पाच वर्षांत तुमचे केस एवढे पांढरे झाले असतील असं वाटलं नव्हतं. मी उठलो, खुर्ची पुढे केली. तुम्ही बसला नाहीत. माझ्या पत्राच्या घड्या तुमच्या हातात होत्या.

“तुम्हले कधीपासून माहीत व्हतं?” एवढंच तुम्ही विचारलंत.

“बाटलीचा वास घेतला तेव्हापासून,” मी म्हणालो.

“म्हंजे मी तुमना पाया पडनू तधय माहीत व्हतं.”

“हो.”

तुम्ही मला माराल असं वाटलं. माराल तर बरं असंही वाटलं. तुम्ही औषधांच्या कपाटाकडे बघितलंत, खिडकीकडे बघितलंत, आणि निघून गेलात. झिपरू तुमच्या मागे पाणी घेऊन धावला. तुम्ही ते प्यालात की नाही ते मी त्याला विचारलं नाही.

मधल्या काळात घडलेली हकिकत कळवणं भाग आहे. मला कामावरून दूर केलं आहे. सोमवारी नवे डॉक्टर येतील. पोलिसांनी जबाब पुन्हा घेतला. खटला होईल असं फौजदार म्हणतात. वकील करायचा नाही असं मी ठरवलं आहे. तुम्हाला काढल्याचा हुकूम रद्द झाल्याचं पत्र तुम्हाला वेगळं येईल. जागा पुन्हा घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. बेबीबाईंनी कळवलंय की तुम्ही नाही म्हणताय. मी त्यावर काही बोलणार नाही. तपासणीच्या वहीत मात्र साहेबांच्या शेऱ्याखाली मी लिहून सही केली आहे की ही व्यवस्था उदेसिंग गिरासे यांनी सन १९३० मध्ये लिहून दिली होती आणि ती नाकारण्याचं काम डॉक्टर पाटील यांनी केलं.

वडिलांना मी स्वतः सांगितलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. जेवायला मात्र माझं ताट मांडायला लावतात.

काल धानोऱ्याला गेलो.

सुपडू शेतात कापूस वेचत होता. दुसरं लग्न झालंय. बायको दोन ओळी पलीकडे होती. मला पाहून त्याने ओटीतला कापूस खाली ठेवला.

“मी मोहरद्याचा डॉक्टर,” मी म्हणालो.

“माले माहीत शे. बठा.”

मी उभ्यानेच सांगितलं. खिडकी, नाव, हिरव्या बांगड्या, पट्टी नसलेली बाटली. चौकशीत गप्प राहिलो तेही. सुपडू मातीत बघत ऐकत होता. माझं संपलं. पलीकडे त्याची बायको वेचायची थांबली होती.

“पाच वरीस झायात,” तो म्हणाला. “पाच वरीसथीन मी त्या कंपाउंडरले शिव्या दि ऱ्हायनू. सकायमा उठं का पहिली शिवी त्याले. त्याना पोरेसोरेले बी दिध्यात.”

“आता मला दे,” मी म्हणालो.

“शिवी देवाले तं पाहिजे. पन तोंडमा येत नही.” त्याने बोंडाचं एक वाळकं टरफल उचललं आणि हातात चुरगळलं. “तुम्हले एक सांगू डॉक्टर? हाई मी कोनलेच सांगेल नही. तिनी पहिला घोट लिधा नि बाटली सरकाई दिधी. म्हने, घसा जळस, जीभ बह्यरी व्हयनी, माले नको. मी म्हंतं, औशद शे, जळीच. मी तिनं डोकं धरं नि पाजं. मन्हाच हातनी पाजं. ती मन्हाकडे पाही ऱ्हायनी व्हती.”

मी खाली बसलो. त्याला सांगितलं, सुपडू, तू डॉक्टरचं ऐकलंस. तिला बरं वाटावं म्हणून पाजलंस. त्यात तुझा काहीही दोष नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. मला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने खांद्यावरचं पागोट्याचं टोक तोंडात धरलं आणि तो मोठ्याने रडला. त्याची बायको आली आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसून राहिली.

त्या एका बाटलीने तुम्ही आणि सुपडू, दोघे वेगवेगळ्या गावांत, पाच वर्षं आपापल्या हातांकडे बघत जगलात. माझ्या दोन वाक्यांनी दोघेही पहिल्याच आठवड्यात सुटला असता.

निघताना सुपडू बांधापर्यंत आला. मला त्याने माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. मी रस्त्याला लागलो तेव्हा त्याने मागून हाक मारली. तुम्हाला एक निरोप आहे, तो त्याच्याच शब्दांत पोचवतो.

“त्या कंपाउंडरले सांगा,” तो म्हणाला, “मन्ह्या सगळ्या शिव्या मी मांगे लिध्यात. त्याना पोरेसोरेवरथीन बी.”

पितांबर